डावीकडची मॅट

माझं स्पष्ट मत आहे,
गाडी घेताना बायकोला रंग विचारावा
आणि मायलेजही.
नुसता रंग विचारला की ती चंदेरी म्हणते,
आणि पुढची सतरा वर्षं
धूळ दिसत नाही म्हणून कुणी पुसत नाही.

आमची आल्टो शोरूममधून आली वाशीच्या,
पण ती खरी आमची झाली
नेरुळला, बिल्डिंगखालच्या खांबापाशी,
मागच्या दाराला पहिला पोचा आला तेव्हा.
पोचा अजून आहे.
खांब सोसायटीने दोनदा रंगवला.

यांचं मत, ऑटोमॅटिक म्हणजे गाडी नव्हे, पाळणा.
यांचं मत, पाम बीचवर जो पन्नासच्या खाली चालवतो
त्याने सायकल घ्यावी.
यांचं मत, हॉर्न म्हणजे जेवताना मीठ मागणं.
एकदा ठीक,
सारखं मागितलं तर स्वयंपाकाचा अपमान.
हे मला पटतं.
घरी ते मीठ सारखं मागतात.

माझी मतं तेव्हा पायात असायची.
डावीकडच्या सीटवर बसून
मी ब्रेक दाबायचे.
नसलेला.
उरण फाट्याला दाबला,
सानपाड्याच्या सिग्नलला हिरवा असताना दाबला,
खारघरच्या फ्लॅटचा सौदा फिसकटला त्या संध्याकाळी
सरळ रस्त्यावर, पुढे कुणी नसताना,
दाबूनच धरला घरापर्यंत.
फक्त मृण्मयीला फिट आली त्या रात्री
पाय उचलून मांडी घालून बसले, तिला घेऊन,
आणि म्हटलं, जाऊ द्या. अजून.

गेल्या मार्गशीर्षात यांच्या डोळ्यातला पडदा सरकला.
डॉक्टर म्हणाले, सहा महिने स्टिअरिंगला हात नको.
यांनी किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवली,
रबर बँड, मेलेले सेल आणि
जुन्या गॅसच्या पावत्यांसोबत.
तिसऱ्या दिवशी पावती शोधताना
ती माझ्या हाताला लागली.

सुलक्षणा घरत, करावे गावची,
माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठी असेल.
म्हणाली, काकी, क्लच दुधावरच्या सायीसारखा सोडा.
म्हणाली, गाडीला घाबरू नका,
ती तुम्हाला घाबरलीये.
तिच्या गाडीत
डावीकडे, तिच्या पायाशी,
खराखुरा ब्रेक होता.
मी बघतच राहिले.
म्हणजे अशी सोय असते!
चोपन्नाव्या वर्षी कळलं.
एवढी वर्षं मी उगाच गालिचा घासला.

आता शनिवारी आम्ही मार्केटला जातो,
कांदे, बटाटे, परवडले तर आंबे.
मी चाळीसने चालवते.
सायकल घे, असं ते म्हणत नाहीत.
दाराच्या वरचं हँडल धरून
समोर बघतात, आणि मधेच
यांचा उजवा पाय
हळूच पुढे जातो.

परवा मॅट धुवायला काढल्या.
डावीकडच्या मॅटला भोक पडलंय,
पाच नंबरच्या चपलेनं पाडलेलं,
रुपयाच्या जुन्या नाण्याएवढं होतं.
आता कडा उसवल्यात.
नऊ नंबरचा बूट त्याला रुंद करतोय.
हे म्हणाले, नवीन सेट सातशेला मिळतो.
म्हटलं, बघू, दिवाळीत.
मृण्मयी फोनवर म्हणाली, गाडीच विका ना आता.
तिचं मत.
ती बंगलोरला रिक्षाने फिरते.

घरी आलो की
हे आधी उतरतात,
मागे जाऊन उभे राहतात,
दुखरा डोळा मिटून, हात हलवत,
येऊ दे, येऊ दे,
अजून आहे जागा, येऊ दे.
खांब यंदा पिवळा केलाय.
मी मान हलवते
आणि आरशात बघते.